दोन सिटांचं इमान

वडवणीच्या शाळेत बदली झाली आणि मी खोली बघायला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत गेलो. घरमालक दारात उभे होते. एक हात चौकटीला, एक पाय उंबऱ्यावर, दुसरा पायरीवर. घर आता सुटेल आणि आपण सगळ्यांत शेवटी आत चढू, अशा तयारीनं ते उभे होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो असं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला आणि खोली दाखवायची राहिली बाजूला.

"सायन्सचे म्हंजी बरं झालं," ते म्हणाले. "मंग सांगा सर, इमानाबद्दल तुमचं काय म्हननं हाय?"

मी नाशिककडचा. मला वाटलं, भाडेकरूची परीक्षा चाललीय. मी जरा सावरून म्हणालो, "इमान तर पाहिजेच. त्याच्याशिवाय माणूस काय कामाचा?"

"ऐकलं का," ते घराकडे तोंड करून म्हणाले, "सर बी तेच म्हनायलेत." मग माझ्याकडे वळून, "परत्येकाला सवतंत्र पाहिजे का न्हाई?"

"ज्याचं त्याच्याजवळ असतंच की."

"आसतंय कुठं? आपल्याकडं आजून आलंच न्हाई. बरं, आपल्या स्लॅबवर उतरंल का?"

मी स्लॅबकडे बघितलं. तिथं पाण्याची टाकी होती, दोरीवर लुगडी वाळत होती आणि एक मांजर. तेवढ्यात आतून बायकी आवाज आला, "आवो, विमान म्हना, विमान. ते तिकडचे हायत."

तर ते हे इमान. पंख असलेलं, शेपूट असलेलं मोठं नव्हे. एका माणसानं बसायचं, विजेवर चार्ज करायचं आणि चारी बाजूंनी पंखे फिरवत अंगणातून सरळ वर उठायचं, ते. घरमालकांनी मोबाइलवर कुठल्यातरी परदेशातला एक माणूस अशा टबासारख्या वस्तूत बसून शेतावरून उडताना पाहिला होता. तो व्हिडिओ त्यांनी मला चहाच्या आधी दाखवला, चहा पिताना दाखवला आणि खोलीची किल्ली देताना परत एकदा दाखवला.

त्यांना सगळं गाव मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागलो. मामा एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. त्यांची नोकरी संपली होती, पण एसटी अंगातून उतरली नव्हती. जेवण झालं की बोटाच्या पेरानं ताटावर टिंग टिंग वाजवायचे. मामींनी ताट उचलावं म्हणून. एक टिंग म्हणजे थांब, दोन टिंग म्हणजे चल. माझ्या मोटरसायकलवर मागं बसले की हेल्मेटवर दोन टिचक्या बसेपर्यंत मी गाडी सोडायची नाही, आणि मध्येच एक टिचकी बसली की भर बाजारात ब्रेक मारायचा. मला त्याची इतकी सवय झाली की वर्गात एखाद्यानं बाकावर पेन आपटलं तरी मी शिकवायचा थांबायचो.

आणि त्यांचं एक वाक्य. डब्यात भाकरी मावत नसो, पिशवीत भाजी मावत नसो, देवळाच्या गाभाऱ्यात माणूस मावत नसो, मामांचं उत्तर ठरलेलं, "पुढं सरका, जागा हाय." लिंबागणेशच्या गाडीवर चतुर्थीच्या गर्दीत त्यांनी आयुष्यभर हे वाक्य म्हटलं होतं. एका लग्नात बोहल्यावर उभ्या असलेल्या नवरदेवाला त्यांनी ते ऐकवल्याचं मी स्वतः बघितलंय, आणि नवरदेव सरकला होता.

इमानाबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. किती उंच जाईल, किती वेगानं जाईल, किती वेळ जाईल. मामांना त्यात रस नव्हता. त्यांचे प्रश्न वापराचे होते.

"सर, वर गाववाला भेटला तर रामराम कसा घालायचा? दोन्ही हात तर दांड्याला."

"मान हलवायची."

"मान हलविली आन् इमान बी तिकडंच वळलं, मंग?"

दुसऱ्या दिवशी निराळा. सासरे खाली बैलगाडीतून चालले असतील तर जावयानं त्यांच्या डोक्यावरून जावं का, की थांबावं? आणि थांबायचं तर वरच्या वर थांबायचं की खाली उतरून पाया पडायचं? लिंबू-मिरची कुठं बांधायची? खाली बांधली तर पंख्यात जाणार, वर बांधली तर नजर लावणाऱ्याला दिसणार कशी? मयतीला जायचं तर एकेकट्यानं उडत गेलेलं बरं दिसेल का? वाट चुकली तर विचारायचं कुणाला? मी विज्ञानाचा शिक्षक. मला लोलकाचा नियम येतो. यातल्या एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मामा दर वेळी मान हलवून म्हणायचे, "म्हंजी सायन्स आजून तिथवर गेलं न्हाई."

एक प्रश्न मात्र ते पुन्हा पुन्हा विचारायचे. लाईटचा. आमच्याकडची लाईट येताना सांगत नाही आणि जातानाही सांगत नाही.

"समजा चार्जिंगला लावलं, आन् निम्म्यात लाईट गेली. मंग निम्म्या वाटंत उतरावं लागंल. बरूबर?"

"बरोबर."

"निम्म्या वाटंत कोन हाय?"

हे मला पहिल्यांदा कळलं नाही. मी म्हणालो, "कोण आहे?"

"दादा," मामा म्हणाले, आणि एवढं बोलून त्यांनी पायरीवर एक टिंग वाजवलं.

दादा म्हणजे मामांचे सख्खे थोरले भाऊ. वाटणीत सडकेकडचं रान दादांना आलं आणि मागचं मामांना. मागं जायची वाट दादांच्या बांधावरून. त्या बांधावर लिंबाचं एक झाड होतं. ते कुणाचं, यावरून दोघांत बोलाचाली झाली. पुढं झाड वाऱ्यानं पडलं, त्याचं सरपण झालं, सरपण जळून गेलं. बोलाचाली राहिली. दादांनी वाटेवर बाभळीच्या काट्या ओढल्या आणि वाट बंद केली. तेव्हापासून मामांना रानात जायचं तर पार ओढ्याकडून वळसा, तोही दगडांवरून उड्या मारत. पावसाळ्यात ओढा भरला की रान नुसतं लांबून बघायचं.

मामा तरी जायचे. मामींचे गुडघे गेलेले, त्यांना ओढा जमत नव्हता. विहिरीजवळ त्यांनी लावलेली सीताफळाची दोन झाडं होती. मी मामांबरोबर रानात जाऊन आलो की मामी ओट्याला पाठ टेकून मला विचारायच्या, "सर, झाडं कशी हायत? मोठं वाळकं झालंय म्हनं एक." झाड चांगलं होतं, पण त्यांच्या कल्पनेत ते वाळतच होतं. मामा त्यांना टोपली भरून सीताफळं आणून द्यायचे. मामी फळं खायच्या आणि परत झाडाचंच विचारायच्या.

वाट मोकळी करून घ्यायचा सरळ उपाय सगळ्यांना ठाऊक होता. तहसीलला अर्ज. मी तो सुचवला तेव्हा मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी विनातिकीट सापडलो होतो.

"आर्ज केला की दादाला तारखंला यावं लागंल. त्या म्हाताऱ्यानं माझ्यामुळं कचेरीच्या पायऱ्या चढायच्या का?"

"मग एकदा बोला त्यांच्याशी."

"मी कावून बोलू? काट्या त्यांनी लावल्या. त्यांनी बोलावं."

आता बघा. भावाला कचेरीत ओढायचं नाही. भावाशी बोलायचं नाही. आणि रानात तर जायचंय, बायकोला झाडं दाखवायचीत. राहिलं काय, तर आभाळ. दोन शब्द तोंडातून निघत नव्हते म्हणून हा माणूस उडायला निघाला होता. इमान ही चैन नव्हती, तो त्यांच्या दृष्टीनं सगळ्यांत कमी त्रासाचा मार्ग होता.

दादाही काही कमी नव्हते. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात दोघं भाऊ रोज एकाच वेळेला यायचे. एक सडकेकडे तोंड करून बसायचा, दुसरा भट्टीकडे. पाठीला पाठ लागायची, पण दोघांनाही बाक बदलायचा नव्हता. मध्ये मी. मामांचा भाडेकरू म्हणून मी त्यांच्या बाजूचा, आणि दादांची नात माझ्या वर्गात म्हणून त्यांच्याही बाजूचा. असा निष्पक्ष माणूस त्यांना दुसरा मिळाला नसता.

इमानाची बातमी दादांपर्यंत पोचली त्या दिवशी त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "सर, त्याला म्हनावं, बांध वर बी आसतोय. जितका खाली, तितका वर."

मामा एका हाताच्या अंतरावर होते. मी मान वळवली. "मामा, दादा म्हणतात..."

"ऐकलं मी. त्यांना म्हनावं, वर बांध घालून दावा."

"त्याला म्हनावं, बांध घालायची गरज न्हाई. गोफन हाय माझ्याकडं."

दादांच्या वयाचा एक गृहस्थ भज्यांची प्लेट धरून म्हणाला, "काय बे, इमानाला गोफन मारतो का?"

"मारतो. ज्वारीवर चिमनी बसू देत न्हाई मी. ही तर मान्सायवढी."

मामा उठले. बाहेर आल्यावर माझ्या खांद्याला धरून हळूच म्हणाले, "मारंल बरं का. दादाचा नेम कवाच चुकत न्हाई." त्यांच्या आवाजात भीती शोधली तर सापडली नाही. कौतुक होतं.

मग ते तलाठ्याकडे गेले. मलाही नेलं. सातबाऱ्यावर हवा लावता येते का, असं त्यांनी सरळच विचारलं. तलाठी भला माणूस. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सांगितलं की विहीर लागते, झाडं लागतात, बोअर लागतं, हवेला रकाना नाही. मामा खूश झाले. हवा कुणाच्याच नावावर नाही म्हणजे दादांच्याही नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मामींना स्लॅबवरची दोरी काढायला सांगितली. मामींनी दोरी काढली नाही, पण लुगडी एका बाजूला सारली.

पुढचं संकट वजनाचं निघालं. त्या यंत्रात ठरावीक वजनाचाच माणूस बसतो, हे व्हिडिओतून मीच वाचून दाखवलं आणि पस्तावलो. मामा अंगानं भरलेले. गच्च भरलेल्या गाडीतून ते पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत कसे पोचत असतील, हे मला न सुटलेलं कोडं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भाकरी निम्मी केली. रात्रीचं जेवण सोडलं. दर बाजारच्या दिवशी ते अडत्याकडे जाऊन कापसाच्या काट्यावर उभे राहायचे, पायात चपला, खांद्यावर पिशवी, हातात छत्री. तेवढं सामान तर नेहमीच असणार, म्हणून ते धरूनच वजन. हमाल विचारायचे, "मामा, माल वला हाय का वाळलेला?" मामा गंभीरपणे सांगायचे, "वाळायलाय."

आणि खरंच वाळले. सदरा अंगावर लोंबायला लागला. मामींना साखरेच्या आजाराची शंका आली. त्यांनी गुपचूप त्यांना डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं मामींनी मला ओट्याजवळ बोलावून विचारलं, "सर, खरं सांगा. त्या इमानात मान्सं किती बसत्यात?"

"एक."

मामींनी भाकरी थापायची थांबवली. मामा पलीकडे माठाजवळ होते, त्यांनी ऐकलं होतं.

"मंग मी कुठं बसू?" मामी म्हणाल्या.

इतके दिवस त्यांनी रामराम, सासरा, लिंबू-मिरची, सगळ्याचा विचार केला होता, आणि जिच्यासाठी हा खटाटोप, तिच्या सीटचा विचारच केला नव्हता. हातातला पाण्याचा तांब्या त्यांनी न पिताच माठावर ठेवला. शेवटी म्हणाले, "ज्या गाडीत कंडक्टरला बी जागा न्हाई, ती गाडी कसली?" त्या दिवसापासून त्यांचा शोध बदलला. दोन सिटांचं पाहिजे.

आता माझी बदली होऊन मी वडवणी सोडली आहे, पण मामांचा फोन अजून येतो. खुशाली न विचारता पहिला प्रश्न, "सर, दोन सिटांचं आलं का?" मी नाही म्हणतो. "लक्ष असू द्या," म्हणतात, आणि फोनवर दोन टिंग ऐकू येतात.

पण सांगायचं आहे ते हुरड्याच्या दिवसांतलं.

तलवाड्याकडच्या एका बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला होता आणि तो चालवणारी बाई आपल्या तालुक्यातही येते, अशी बातमी मामांना त्यांच्या जुन्या ड्रायव्हरकडून लागली. त्यांनी तिला बोलावलं. चाळिशीची, ठणठणीत आवाजाची बाई. तिनं सडकेच्या कडेला ड्रोन उतरवला तेव्हा मामांनी त्याला एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "बसायचं कुठं?"

"बसायचं न्हाई, मामा. औषध बसतंय यात."

"मी किती वाळलोय बगा की."

"मान्साचं न्हाई हे," ताई म्हणाली. "तुमाला काय फवारायचंय ते सांगा."

मामांना काहीच फवारायचं नव्हतं. त्यांना प्रयोग करायचा होता. माणूस नाही तर नाही, माणसाचं सामान तरी दादांच्या रानावरून सुखरूप पलीकडे जातं का, ते बघायचं होतं. ताईला हे पटायला वेळ लागला. पण मामींनी तिला चहा दिला, गुडघे दाखवले, सीताफळाच्या झाडांचं सांगितलं, आणि ताई म्हणाली, औषधाच्या टाकीइतकं वजन नेईन, त्याच्यावर एक चमचा नाही.

ठरलं असं. मामा आणि मी ओढ्याकडून वळसा घालून मागच्या रानात जायचं. मामींनी रिक्षानं डबा घेऊन सडकेवर ताईजवळ यायचं. टाकीच्या जागी पिशवी बांधायची आणि दादांच्या ज्वारीवरून ती मामांच्या विहिरीवर उतरवायची.

आम्ही पोचलो. हिवाळ्याचं स्वच्छ ऊन होतं. मामा विहिरीच्या कठड्यावर चढले. समोर दादांची ज्वारी पुरुषभर वाढलेली, कणसं हुरड्यात आलेली, आणि मधोमध पाखरं राखायचा माळा. माळ्यावर दादा. हातात गोफण.

मामींचा फोन लागला. मामांनी आवाज मोठा केला.

"ताईनं वजन केलंय," मामी सांगत होत्या. "धपाटे हायत, शेंगदान्याची चटनी हाय, पान्याचा कॅन, खुरपं आन् दोरखंड. बास म्हनली ती."

"दही?"

"दही ऱ्हायलं रिक्षात. बास म्हनली ना ती."

"दह्याबिगर धपाटं घशाखाली जातंय का? ताई कुठं हाय?"

"ते रिमोट का काय, ते लावायलीय."

"मंग पिशवीत बग. जागा हाय का?"

थोडा वेळ खुडबूड. "हाय जरा."

"ठेव की. आन् गुळाची भेली? हुरडा खायला गूळ लागंल का न्हाई? सरकव पुढं, जागा हाय."

मी मामांचा हात धरला. म्हणालो, "मामा, ती नको म्हणाली होती." ते माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. आयुष्यभर ज्यानं कुणाला खाली ठेवून गाडी सोडली नाही, तो दह्याचं गाडगं सडकेवर ठेवून इमान कसं सोडेल? त्यांनी मोबाइलच्या पाठीवर पेरानं दोन टिंग वाजवली.

ड्रोन उठला. सडकेवरून धूळ वर आली आणि त्या धुळीतून तो घरघरत ज्वारीवर आला. खाली पिशवी, पिशवीच्या तोंडातून मामांच्या आईच्या वेळचा पितळी डबा चमकत होता. मामा कठड्यावर दोन्ही हात पसरून उभे होते, त्यांना वाटत होतं की आपणच उडतोय. माळ्यावर दादा उठले. त्यांनी गोफणीत दगड घातला आणि हात वर नेला.

मी डोळे मिटले नाहीत, पण मिटावेसे वाटत होते.

"मारनार," मामा पुटपुटले.

दादांचा हात वर होता. गोफण एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, आणि तिसऱ्या वेळेला नुसतीच खाली लोंबली. दगड त्यांनी सोडला नाही. इमानच डुगडुगायला लागलं. पुढं जायचं सोडून ते जागच्या जागी हलायला लागलं, आवाज बदलला, आणि बरोबर निम्म्या वाटेत हळूहळू खाली बसत ते ज्वारीत गडप झालं. दादांच्या ज्वारीत, दादांच्या माळ्याशेजारी.

फोनवरून ताईचा आवाज आला. ती मामींवर ओरडत नव्हती, मामांवर ओरडत होती. "बॅटरी उतरली की ते आपसूक खाली येतंय, माझ्या हातात ऱ्हात न्हाई. गूळ कोनी घातला?"

मामा कठड्यावरून उतरले आणि खाली मान घालून बसले.

पुढचं आम्हाला फोनवरच कळत गेलं. ताई तरातरा ज्वारीत शिरली. दादा माळ्यावरून उतरून आधीच तिथं पोचले होते. त्यांच्या पायाशी डबा होता. ताई म्हणाली, दादा, माफ करा, सामान घेऊन जाते. दादा तिला म्हणाले, "इमान ने. डबा ठेव."

मग दादांनी डबा उघडला. मामींचा फोन ताईच्या हातात होता, ती बघत होती आणि आम्हाला सांगत होती. दादांनी धपाटं उचललं. दही पिशवीत सांडलं होतं, तेच पुसून घेतलं. दुसरं धपाटं. चटणी. ज्या पद्धतीनं त्यांची आई करायची तसेच ते धपाटे होते, मामी सासूकडूनच शिकल्या होत्या. दादांनी एकही ठेवलं नाही.

"माझा डबा खाल्ला," मामा म्हणाले. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. पण राग आलाय की काय आलंय, हे त्यांच्या तोंडावरून मला ठरवता येईना.

बराच वेळ गेला. ज्वारीतून धूर निघायला लागला. दादांनी आगटी पेटवली होती. मामा धुराकडे बघत होते. मला भूक लागली होती, म्हणून मी म्हणालो, चला, ओढ्यानं परत जाऊ.

"थांबा," मामा म्हणाले, आणि दगडावर एक टिंग वाजवलं. "डबा यायचाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे, तुमच्याकडे, कुठंही, घरातून आलेला डबा कुणी रिकामा परत देत नाही. चिमूटभर साखर तरी घालतात. दादांनी डबा खाल्ला होता, म्हणजे दादांवर डबा भरायचा आला होता. आणि भरलेला डबा जिथं जायचा तिथं पोचवायचा आला होता. इमान तर ताई घेऊन गेली होती.

बांधाकडून काट्या ओढल्याचा आवाज आला. कोरड्या बाभळीच्या काट्या जमिनीवरून फरफटत गेल्यावर येतो तसा. मामा उठले, परत बसले, सदरा खाली ओढला. वाटेच्या तोंडावरची शेवटची काटी बाजूला सारून दादा आत आले. धोतराला कुसळं, हाताला ओरखडे, एका हातात गुळाची भेली आणि दुसऱ्यात पितळी डबा. डब्यातून हुरड्याची वाफ येत होती.

ते आमच्यासमोर येऊन थांबले. दोघं भाऊ हाताच्या अंतरावर. दादांनी माझ्याकडे बघितलं.

"सर, त्याला म्हनावं, मीठ कमी व्हतं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "सर, त्यांना म्हनावं, माझ्यासाठी केलेलं व्हतं. माझं मीठ बंद हाय."

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हे असं मी दोन वर्षं करत होतो. त्या क्षणी मला त्याचा मनापासून कंटाळा आला. मी म्हणालो, "मला तहान लागलीय," आणि विहिरीच्या पलीकडे जाऊन, सीताफळाच्या झाडाआड, त्यांना दिसणार नाही असा उभा राहिलो. तिथं प्यायला पाणी नव्हतं.

पाखरं ओरडत होती. माळ्यावर कुणी नव्हतं, ज्वारी त्यांचीच होती. मग दादांचा आवाज आला. बदललेला.

"लई वाळलास रं."

मामा म्हणाले, "इमानात बसायचं तर वजन कमी लागतंय."

"बसून कुठं जानार व्हतास?"

"हितंच."

मला नाक ओढल्याचा आवाज आला, पण ते कुणाचं होतं ते सांगत नाही.

"गोफन का न्हाई मारली?" मामांनी विचारलं.

"मायचा डबा व्हता त्यात."

मी झाडाच्या पानांकडे बघत राहिलो आणि मामींना सांगायला एक गोष्ट लक्षात ठेवली, की मोठं झाड वाळलेलं नाही, त्याला खालून फुटवा आलाय.

ते सांगायची वेळच आली नाही. बांधाकडे पावलं वाजली. दादांनी वाट पार सडकेपर्यंत मोकळी केली होती. ड्रोनवाल्या ताईच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पाऊल जपून टाकत, डोक्यावरचा पदर सावरत मामी येत होत्या. त्यांनी आधी दिराकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे बघितलं नाही. सरळ झाडांकडे बघितलं. मग मला झाडाआड लपलेलं बघून हसल्या.

मी बाहेर आलो तेव्हा विहिरीच्या कठड्यावर दोघं भाऊ बसलेले होते. मध्ये डबा, डब्यात हुरडा, शेजारी दह्यानं माखलेली गुळाची भेली. कठडा लहान, दोघांतच भरलेला. मामी जवळ आल्या आणि उभ्याच राहिल्या, गुडघ्यावर हात ठेवून.

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्यादेखत पहिल्यांदाच, माझ्यामार्फत नाही, थेट थोरल्या भावाच्या तोंडाकडे बघून ते म्हणाले,

"दादा, पुढं सरका. जागा हाय."

आणि दादा सरकले.